कलेचा तास आणि श्रेयांकाचा हिशोब : छात्राध्यापकांवरच्या संशोधनात काय राहून जातं?

शोधगंगेवर जा आणि शिक्षणशास्त्रातल्या मराठी प्रबंधांची शीर्षकं नुसती वाचत बसा. थोड्याच वेळात एक साचा तुमच्या ओळखीचा होईल : 'अमुक उपक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. 'अमुक'च्या जागी काहीही घाला. शीर्षक बसतं, सिनॉप्सिस बसतो, पाच प्रकरणंही बसतात.

मी एम.एड.ला असताना त्या जागी 'छात्राध्यापकांनी घेतलेले कला-एकात्म पाठ' घातलं होतं. चोपडा तालुक्यातली एक जिल्हा परिषद शाळा, पूर्वचाचणी, पंधरा दिवस पाठ, उत्तरचाचणी. टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आलं, शून्य परिकल्पनेचा त्याग झाला, पेढे वाटले. आज पीएच.डी. करताना तो लघुप्रबंध पुन्हा उघडला की मला त्यातली आकडेमोड चुकीची वाटत नाही. प्रश्नच चुकीचा वाटतो.

तुमच्यातले बरेच जण 'पेट'ची तयारी करताय किंवा विषय शोधताय. म्हणून आज दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाला हात न लावता माझ्याच आराखड्याची चिरफाड करतो. विषय आपल्या भागातला आहे : जळगाव-धुळ्यातल्या कॉलेजांची मुलं-मुली सरकारी शाळेत जाऊन चित्र, गाणं, नाटक शिकवतात, त्याचं नेमकं काय होतं?

आधी व्यवस्था समजून घ्या

एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता किमान वीस आठवड्यांची झाली : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. त्याच आराखड्यात 'शिक्षणातील नाट्य आणि कला' हा घटक प्रत्येक छात्राध्यापकासाठी ठेवला गेला. म्हणजे गणिताचा असो की इतिहासाचा, प्रत्येकानं थोडं नाटक, थोडं चित्र हाताळावं अशी अपेक्षा.

यामागचा विचार २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आहे. कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यांवरच्या अभ्यासगटाचं एक स्वतंत्र निवेदन आहे, ते मूळातून वाचा. दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा आणि शिवाय इतर विषय शिकण्याचं साधनही असावी, अशी दुहेरी मागणी त्यात आहे. 'विषय' आणि 'साधन' हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 'साधन' उचलून धरलं. त्याच धोरणामुळे पदवीच्या आराखड्यातही क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आले. अशा क्षेत्रकामाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. त्यामुळे आता बी.एड.वालेच नव्हे, बी.ए., बी.एस्सी.ची मुलंही साठ तासांचे दोन श्रेयांक मिळवायला गावच्या शाळेत जाऊ शकतात. 'युवारंग'मध्ये मूकनाट्य बसवलेला मुलगा चौथीच्या वर्गात नाटुकलं घेतोय, हे चित्र वाईट नाही. मीही त्यातूनच आलोय.

आता शाळेच्या बाजूनं बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तेच परिशिष्ट म्हणतं : साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पाच इयत्ता, दोन शिक्षक, आणि कलेसाठी वेगळं कुणी नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या छोट्या शाळा याच रांगेत बसतात. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हातात असतं, वेळापत्रकात तासही असतो. पण कला, कार्यानुभव यांना संकलित परीक्षा नाही, फक्त आकारिक नोंदी. जिथे परीक्षा नाही तो तास पहिला कापला जातो. यात शिक्षकाला दोष देण्याआधी दोन वर्ग एकाच वेळी सांभाळून बघा.

अशा शाळेत सहा-सात छात्राध्यापक रंगपेट्या घेऊन उतरतात, तेव्हा मुलं खूश होणारच. माझ्या संशोधनानं हा आनंद मोजला आणि त्याला 'परिणामकारकता' असं नाव दिलं.

माझ्या आराखड्यातल्या चार भेगा

पहिली भेग तुलनेची. शाळेत पाचवीची तुकडी एकच होती. म्हणून नियंत्रित गट शेजारच्या गावच्या शाळेतला घेतला. तिथे नेहमीप्रमाणे नेहमीच्या गुरुजींनी शिकवलं. इथे मात्र कला होतीच, शिवाय सहा तरुण माणसं होती, नवे रंग होते, फोटो काढणारा मोबाईल होता आणि एका गटामागे एक शिक्षक होता. गुण वाढले ते चित्रामुळे की पाच मुलांकडे एक माणूस बसून लक्ष देत होता म्हणून? माझा आराखडा हे सांगूच शकत नाही. त्याच सहा जणांनी पंधरा दिवस साधे वाचनाचे तास घेतले असते, तर ती खरी तुलना झाली असती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नियंत्रित गटाला 'नेहमीची पद्धत' लिहिलं असेल, तर थांबा आणि स्वतःला विचारा : दोन गटांत नेमक्या किती गोष्टी वेगळ्या आहेत? एकापेक्षा जास्त असतील, तर परिणाम कशाचा हे तुम्हाला कळणार नाही.

दुसरी भेग काळाची. पंधरा दिवसांनी उत्तरचाचणी, तीही शेवटच्या पाठाच्या दुसऱ्या दिवशी. नवी गोष्ट आली की पहिले काही दिवस सगळेच जोरात असतात. त्याला नावीन्याचा परिणाम म्हणतात आणि माझ्या संदर्भसाहित्याच्या प्रकरणात त्यावर अर्धं पानही होतं. वाचलं होतं, लिहिलं होतं, वापरलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एक चाचणी घ्यायची म्हणजे चोपड्याला एक एसटीची फेरी. तेवढी मी केली नाही, कारण तोवर प्रबंध जमा झाला होता.

तिसरी भेग मापनाची. मी मोजलं काय? मराठीच्या घटकचाचणीतले गुण. म्हणजे कलेची किंमत मराठीच्या गुणांत. इथे एक जुनं पण महत्त्वाचं काम सांगतो. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरोमध्ये एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी कला शिकल्यानं इतर विषयांतली प्रगती वाढते का, यावरच्या कित्येक दशकांच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. ते २००० साली प्रसिद्ध झालं. कला शिकणाऱ्या मुलांचे गुण चांगले असतात, असा सहसंबंध त्यांना दिसला. पण कलेमुळे गुण वाढतात, असा कार्यकारणाचा भरवशाचा पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळाला. त्यातलं आपल्या कामाचं एक : वर्गातल्या नाट्यीकरणामुळे मुलांची भाषिक कौशल्यं सुधारतात. चित्रकलेमुळे वाचन सुधारतं, यासाठी तसा पुरावा मिळाला नाही.

हे कलेचे शत्रू नव्हेत. त्यांचं म्हणणं असं, की कलेची बाजू दुसऱ्या विषयाच्या गुणांवर उभी कराल, तर गुण वाढले नाहीत त्या दिवशी कलेचा तास जाईल. मघाचे दोन शब्द आठवा. कला नुसतं 'साधन' ठरली, की त्याहून स्वस्त साधन मिळताच ती बाजूला पडते.

उलट बाजूही सांगायला हवी. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांत, दहा हजारांहून जास्त मुलांवर यादृच्छिक निवडीनं एक मोठा प्रयोग झाला. शाळांनी बाहेरच्या कलावंतांशी आणि कलासंस्थांशी भागीदारी केली होती. ब्रायन किसिडा आणि डॅनियल बोवेन यांनी २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले : शिस्तभंगाच्या नोंदी घटल्या, लेखनाचे गुण वाढले. म्हणजे परिणाम दिसूच शकत नाही, असं नाही. पण तिथे शाळा चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या होत्या. माझी शाळा मी कशी निवडली? मामाचं गाव जवळ होतं म्हणून. प्रबंधात त्याला 'सहेतुक नमुना' म्हटलंय.

चौथी भेग मला सगळ्यात उशिरा दिसली, आणि तिची सुरुवात एम.एड.च्याही आधीची आहे.

'ते नंतर'

बी.एड.ला माझी आंतरवासिता साक्री तालुक्यातल्या एका शाळेत होती. भाद्रपद संपत आलेला. मधल्या सुट्टीत मुली शाळेमागे ओल्या मातीची गुलाबाई करत आणि फेर धरून गाणी म्हणत. माझा त्या दिवशीचा पाठ समूहगीताचा होता. टाचणात उद्दिष्टं लिहिलेली, ताल धरायच्या खुणा केलेल्या, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले. मी गाण्याची पहिली ओळ फळ्यावर लिहिली, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली मुलगी उभी राहिली : "सर, आमनं गुलाबाईनं गानं म्हनूत का?"

मी म्हणालो, "ते नंतर."

पाठ चांगला झाला. शेरा 'उत्तम' मिळाला. ते नंतर काही आलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या छात्राध्यापकाचा विज्ञानाचा पाठ होता आणि पुढच्या आठवड्यात माझी इयत्ता बदलली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हे मी हळहळ म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगतोय. त्या वर्गात कलेचं ज्ञान असलेली माणसं कोण होती? त्या मुलींना डझनावारी गाणी पाठ होती, चाल येत होती, फेराची लय पायात होती, मातीची मूर्ती करता येत होती. मला एक गाणं येत होतं, तेही आदल्या रात्री मोबाईलवर ऐकून बसवलेलं. तरी 'शिकवणारा' मी आणि 'शिकणाऱ्या' त्या. माझ्या कुठल्याही चाचणीत त्यांना जे येत होतं त्याला जागा नव्हती. पूर्वचाचणीत त्या शून्यावरच दिसल्या असत्या, कारण चाचणी मला काय येतं यावर बेतलेली होती.

आपण काय काय शिकवतो याची उजळणी करा. खान्देशातल्या शाळेत छात्राध्यापक हमखास वारली चित्रं घेतो. वारली सुंदरच आहे, पण ती डहाणू-तलासरीकडची. ती आपल्याकडे येते कारण तिचे नमुने मोबाईलवर सहज मिळतात, त्रिकोणाला त्रिकोण जोडला की माणूस होतो आणि पस्तीस मिनिटांत तास संपतो. कानबाईची गाणी, आखाजीची झोक्यावरची गाणी, वहीगायन टाचणात येत नाहीत. कारण ती शिकवायची तर आधी कुणाकडे तरी बसून शिकावी लागतील, आणि तेवढा वेळ श्रेयांकात धरलेला नाही. शिवाय ती अहिराणीत आहेत. आपल्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ज्यांच्या रचना घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. आणि त्याच विद्यापीठाचा मी विद्यार्थी, वर्गातल्या मुलीला म्हणतो, ते नंतर.

मग हे बंद करायचं का?

इथवर वाचून कुणी म्हणेल, छात्राध्यापकांनी कलेच्या नादी लागूच नये. हा निष्कर्ष घाईचा आहे. दोन शिक्षकी शाळेत छात्राध्यापक गेला नाही, तर त्या जागी तज्ज्ञ कलाशिक्षक येणार नाही. कुणीच येणार नाही. पाचवीतल्या पोराच्या हातात ब्रश पहिल्यांदा आमच्यामुळेच आला, हे मी पाहिलंय.

पण धोका दुसऱ्या बाजूनंही आहे, आणि संशोधक म्हणून तो आपल्यावर येतो. समजा, आपले सगळे लघुप्रबंध सांगू लागले की छात्राध्यापकांचे पंधरा दिवस 'परिणामकारक' आहेत. मग कलाशिक्षक नेमायचा कशाला? फुकटात काम होतंय! एटीडी करून वर्षानुवर्षं जागेची वाट बघणारे आपल्याच ओळखीत आहेत. तुमचा सार्थक निष्कर्ष त्यांच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. आणि परिणाम नाही असं आलं, तर 'कलेचा उपयोग नाही' म्हणून तास कापला जाऊ शकतो. दोन्ही उत्तरांनी नुकसानच होत असेल, तर समजा की प्रश्न नीट विचारलेला नाही.

जुने दाखले बघा. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. ते मुलांबरोबर राहत होते. विदर्भात सेवाग्रामला देवीप्रसाद १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून शिकून आले आणि १९६२ पर्यंत नई तालीमच्या शाळेत कला शिकवत राहिले. त्या अनुभवावरचं त्यांचं 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' वाचाच. मुलाच्या चित्रात काय बदललं हे ते सांगू शकतात, कारण त्याच मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आपल्याला अठरा वर्षं मिळणार नाहीत, हे कबूल. पण त्यातून एवढं तरी घेता येईल, की कलेत बदल मोजायचं एकक पंधरवडा नव्हे. आणि आपल्याकडे पंधरवडाच असेल, तर दावाही पंधरवड्याएवढाच करावा.

प्रश्न बदलून बघा

चोपड्याच्या शाळेत शेवटच्या दिवशी आम्ही रंगपेट्या मोजून परत घेतल्या, पुढच्या शाळेत लागणार होत्या म्हणून. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, तुमची पोरं सोमवारपासून येणार नाहीत. मग ह्या तासाला मी काय करू?" मी हसून काहीतरी बोललो. माझा संशोधनप्रश्न तो होता, आणि तो मला बाईंनी आयता दिला होता. मी तो मुलाखतीच्या तक्त्यात 'शिक्षकांचा प्रतिसाद : सकारात्मक' असा नोंदवला.

आज तोच विषय घ्यायचा झाला, तर मी असे प्रश्न घेईन :

१. छात्राध्यापक गेल्यावर तीन महिन्यांनी त्या वर्गात कलेचं काय उरलं? कुठली कृती वर्गशिक्षकांनी चालू ठेवली, कुठली सोडली, आणि का? इथे वर्गशिक्षक नमुन्यातले 'प्रतिसादक' न राहता सहसंशोधक होतात.

२. टाचणात कुठल्या कला आल्या आणि कुठल्या बाहेर राहिल्या? एका कॉलेजच्या एका वर्षाच्या टाचणवह्या घेऊन बसलात, तरी आशयविश्लेषणाचा चांगला अभ्यास होईल. खर्च जवळपास नाही.

३. पाठ घेण्याआधी छात्राध्यापक आठवडाभर मुलांकडूनच एक गाणं, एक खेळ, एक आकृती शिकला, तर त्याचं पुढचं टाचण बदलतं का? इथे मोजमाप छात्राध्यापकाचं आहे, मुलांचं नाही. आणि हे प्रामाणिक आहे, कारण श्रेयांक त्याला मिळतात, शिकायलाही तोच गेलेला असतो.

४. प्रयोगच करायचा असेल, तर दुसऱ्या शाळेला कोरडी ठेवू नका. पहिल्या सत्रात एक शाळा, दुसऱ्या सत्रात दुसरी. तुलनाही मिळते आणि कुणी वंचितही राहत नाही. त्याला प्रतीक्षा-गट म्हणतात.

आणि एक गोष्ट जी पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात शेवटच्या पानावर असते आणि प्रत्यक्षात पहिल्या दिवशी लागते. मुलांची चित्रं कुणाची? आम्ही ती 'विदा' म्हणून गोळा केली, फाइलीत चिकटवली, नाव-इयत्तेसह जमा केली. कुणाला विचारलं नाही, ना मुलांना, ना घरच्यांना. आता मोबाईल सगळ्यांकडे आहे. चित्राचा फोटो काढा, मूळ चित्र त्याच दिवशी मुलाच्या हातात परत द्या, नाव झाका, आणि परवानगी मुलाला व घरच्यांना समजेल अशा भाषेत घ्या. अहिराणीत घ्यावी लागली तर अहिराणीत.

माझ्या एम.एड.च्या फाइलीची दुसरी प्रत अजून घरी कपाटावर आहे. तिच्यात एकतीस चित्रं आहेत, बहुतेक पावसाची, कारण विषय मीच दिला होता. ती मुलं आता त्या शाळेत नाहीत. बाईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, गावातलीच आहेत, आठ-दहा जण तरी सापडतील, दिवाळीच्या सुट्टीत या. जाणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक एका कागदावर लिहा आणि त्याखाली एकाच वाक्यात उत्तर द्या : तुमचं संशोधन संपल्यावरच्या सोमवारी त्या वर्गात काय वेगळं असेल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तरी घाबरू नका. पण मग निदान शीर्षकातून 'परिणामकारकता' हा शब्द काढून टाका.